बावीस हजारांच्या आत

गेला महिनाभर माझा फोन चार्ज व्हायला कुरकुर करतो आहे. वायर लावून हात धरून बसलं की चालू, हात काढला की बंद. वायर जरा डावीकडे वाकवून वर कुकरचं झाकण ठेवलं, तर रात्रभरात साठ टक्क्यांपर्यंत मजल जाते. पण सकाळी भाताच्या वेळेला हिला झाकण हवं असतं आणि मला ते दहा मिनिटं अजून हवं असतं. या ओढाताणीतूनच "घ्या एकदाचा नवा" हा ठराव आमच्या घरात मंजूर झाला. बावीस हजारांच्या आत, ही दुरुस्तीही ठराव मांडणाऱ्या बाजूनेच सुचवली.

डोंबिवलीच्या माणसाला सल्ल्यासाठी लांब जावं लागत नाही. सकाळच्या गाडीत चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवायचं, खिशातली बडीशेप गटात फिरवायची आणि सहज म्हणायचं, "फोन घ्यायचाय." ठाणं यायच्या आत सात फोन सुचवले गेले. कुर्ल्यापर्यंत त्यातले सहा बाद झाले आणि दादरला सातवा सुचवणाराच उतरून गेला. खिडकीवाल्याने मात्र शेवटपर्यंत एकच प्रश्न लावून धरला, "अंतुतू किती?" मला आधी ते बालवाडीतलं गाणं वाटलं. अंतुतू म्हणजे फोनची ताकद मोजणारी चिनी परीक्षा, आणि तिच्यात गुण लाखांनी मिळतात. परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. सॅमसंगसकट काही कंपन्यांचे फोन चाचणीचं ॲप ओळखतात आणि तेवढ्यापुरता जोर लावतात, हे २०१३ साली उघड झालं होतं. आमच्या शाळेत तपासणीला दिपोटी यायचे त्या दिवशी गुरुजीही असेच धुतलेलं धोतर नेसून यायचे. असो. मी दिवसभरात फोनवर गाडीची वेळ बघतो, साडूचं 'शुभ सकाळ' पुसतो आणि ओटीपीची वाट बघतो. ओटीपीची वाट बघायला सात लाख गुण कशाला लागतात, हे विचारायचं धाडस झालं नाही. खिडकीवाल्याला दुखावलं तर खिडकी कायमची जाते.

तरीही अभ्यास म्हणून मी सोसायटीच्या वार्षिक अहवालाच्या पाठकोऱ्या कागदांवर एक कोष्टक आखलं. आडवे फोन, उभे गुण, एकूण एकोणीस रकाने. हिने चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "अहो, पण समोरच्याचा आवाज मोठा येतो का?" विसावा रकाना आखला. तो आजतागायत कोरा आहे, कारण समोरच्याचं बोलणं ऐकू येणं हा गुण एकाही कंपनीच्या पत्रकात मला सापडला नाही.

मग दुकान. आत शिरताच निळ्या टी-शर्टातला मुलगा एका बाजूने आला आणि पिवळ्या टी-शर्टातला दुसऱ्या. हे मालकाचे नोकर नव्हेत. कंपन्यांनी आपापल्या फोनची आरती करायला बसवलेले पुजारी. निळा म्हणाला, "काका, तो फोन तापतो." पिवळा म्हणाला, "काका, यात जाहिराती येतात." बराच वेळ मी आलटून पालटून दोन्ही फोन हातात घेत होतो आणि दर वेळी मला आधी कुठला घेतला होता ते आठवत नव्हतं. त्यात माझा दोष कमी आहे. २०२० साली भारतात पोको एक्स२ नावाने जो फोन आला, तो दुसरीकडे रेडमी के३० म्हणून आधीच विकला जात होता. ओप्पो, विवो, वनप्लस आणि रिअलमी या चौघांची कुळी शोधत गेलं, तर आपण चीनमधल्या बीबीके नावाच्या एकाच घराण्याच्या ओसरीवर पोचतो. आपल्याकडची भाऊबंदकी म्हणजे एका घरात चार भिंती. इथे एकाच वाड्याला चार दिंड्या काढल्यात, आणि दिंडीवरचे चौघे एकमेकांच्या नावाने शंख करतात. गिऱ्हाईक चिडून कुठल्याही दारातून आत गेलं तरी माजघर एकच. दुपारी त्याच दुकानावरून परत आलो, तेव्हा निळा आणि पिवळा पायरीवर बसून एका कागदातले वडापाव खात होते. चटणीवरून भांडण नव्हतं.

आता आतल्या मालाचं. खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, '८ + ८ जीबी रॅम'. डोंबिवलीत फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटलं पाहिजे. पहिले आठ खरे. अधिकचे आठ म्हणजे साठवणीच्या जागेतूनच पडदा लावून काढलेली खोली. रॅमच्या मानाने ती मंद चालते आणि वापराल तेवढी साठवणीतून वजा होते. म्हणजे माळ्याला बेडरूम म्हणायचं, आणि वर माळाही आहे म्हणून सांगायचं. साठवणीचंही तेच. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४च्या, म्हणून १२८चे मुळात ११९च होतात. त्यात आधीपासून बिऱ्हाड थाटून बसलेली मंडळी वेगळी. न मागितलेला पत्त्यांचा खेळ, न मागितलेलं दुकान, आणि चेहरा गोरा करणारं कायतरी. घरांसाठी २०१७ साली महारेरा आलं आणि बिल्डरांना कार्पेटवर यावं लागलं. फोन अजून सुपर बिल्ट-अपमध्येच विकला जातो.

कॅमेरा तर काही विचारू नका. "काका, दोनशे मेगापिक्सेल!" असं पिवळा ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजात आमच्याकडे फक्त बारावीचे टक्के सांगतात. प्रत्यक्षात एरवी फोटो काढताना सोळा सोळा ठिपके एकत्र येऊन एकेक ठिपका बनवतात, आणि हातात पडतात साडेबारा मेगापिक्सेल. सोळा सभासदांची सभा भरवून एक ठराव निघावा, तसं. काळोखात त्याचा उपयोग होतो हे मान्य. सभेचाही कधीकधी होतो. शेजारी दोन मेगापिक्सेलचा आणखी एक डोळा असतो, मुंगीचे फोटो काढण्यासाठी. माझ्या आयुष्यात मुंगीचा फोटो मागणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

पाण्याबद्दल मात्र मी कान टवकारले. आयपी ६८. दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, असं निळ्याने पाठ म्हणून दाखवलं. वॉरंटीचा कागद मागितला, चष्म्याचा नंबर पणाला लावून वाचला. पाणी शिरून बिघाड झाल्यास वॉरंटी लागू नाही. छत्री उत्तम आहे, पावसात उघडलीत तर तुमची तुम्ही जबाबदार. निळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, पण तुम्ही पाण्यात कशाला घेऊन जाताय?" जुलैत डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न!

किंमत? खोक्यावर २६,९९९, त्यावर काट, खाली २२,९९९. ठरावाच्या वर एक हजार. "त्या बँकेचं कार्ड असेल तर दोन हजार कमी," पिवळा म्हणाला. त्या बँकेचं कार्ड आमच्या सगळ्या गणगोतात एकाच माणसाकडे आहे, साडूकडे. साडूशी गेल्या गणपतीपासून बोलणं बंद, कारण आता नीट आठवत नाही, पण मोदकांच्या संख्येवरून होतं. दोन हजारांसाठी हिने बहिणीला फोन केला, मी एक किलो पेढे घेऊन गेलो, आणि सहाशे रुपयांत दिलजमाई झाली. साडू म्हणाले, "नो कॉस्ट इएमआयवर घ्या की, बिनव्याजी!" बिनव्याजी असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना लेखी सुनावलं होतं. व्याजाएवढी सूट आधी दाखवायची, मग व्याज लावायचं, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी घ्यायचा आणि प्रोसेसिंग फी वेगळी. मी हे साडूंना सांगणार होतो. पण पेढे नुकतेच उघडले होते.

शनिवारी खरेदी ठरली. जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं तर जुना पूर्ण चार्ज हवा, आणि शुक्रवारी संध्याकाळी कुकरच्या झाकणानेही हात टेकले. म्हणून स्टेशनच्या पुलाखाली पाटाएवढं टेबल टाकून बसणाऱ्या मुलाकडे गेलो. त्याने बॅटरीच्या उजेडात फोनच्या बुडाशी पाहिलं, सिमची पिन घातली आणि हलकेच ओढली. आधी कापसासारखा मळ आला. मग काहीतरी हिरवं.

"काका, बडीशेप."

आणखी एक निघाली. मग तिसरी, अर्धी. त्याने वायर लावली, ती टक् करून बसली आणि पडद्यावर वीज चमकली. "झालं. दोन वर्षं काही बघायला नको. पन्नास द्या."

घरी वीस रकान्यांचं कोष्टक होतं. साडू सकाळी दहाला कार्ड घेऊन यायचे होते. खिडकीवाल्याला मी मॉडेलही सांगून बसलो होतो. मी शंभराची नोट त्याच्या हातात ठेवली आणि इकडेतिकडे बघून म्हटलं, "सुट्टे राहू देत. घरचं कोणी विचारायला आलंच, तर बोर्ड गेलाय म्हण."

त्याने नोट उजेडात धरून पाहिली.

"कुठला बोर्ड सांगू, काका? चार्जिंगचा म्हटलं तर तीनशेत होतो. मदरबोर्ड म्हणतो."