मावाताईंना, माझ्या कुंडीच्या पत्त्यावर

मायना काय लिहावा, इथूनच पंचाईत. ‘श्री.’ लिहावं तर तुमच्या घोळक्यात एक बाप्या दिसत नाही. ‘सौ.’ लिहावं तर नवऱ्यावाचूनच सगळ्याजणींची बाळंतपणं चाललेली, तीही थेट हलत्याचालत्या पोरींची. आणि लेक पोटात असतानाच तिच्या पोटात नात तयार! म्हणून नुसतंच मावाताई. तुमच्या नावाचा एक मावा हलवाई बर्फीत घालतो, दुसरा टपरीवर मळतात. तिसरा माझ्या नशिबी आला.

बाल्कनीत व्हीनस फ्लायट्रॅप आणला तो तुमच्यासारख्यांना जरब बसावी म्हणून. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीचं हे झाड. नळाच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत, म्हणून घरच्यांच्या तोंडचं आरओचं पाणी काढून त्याला पाजलं. (खत घातलं तरी हे मरतं. लाड करायचे तर उपाशी ठेवून.) शेजाऱ्यांना बोलावून रुबाबात सांगितलं, आतल्या केसाला 20 सेकंदांत दोनदा धक्का लागला की जबडा खटकन मिटतो, मग आठ-दहा दिवस किडा पचत राहतो. शेजारी दबले.

तुम्ही नाही दबलात. जबड्याकडे ढुंकूनही न बघता खाली कोवळ्या कोंभाच्या गळ्याशी सोंड खुपसून बसलात. मांसाहारी झाडाला शाकाहारी किड्यानं खावं! नवे जबडे लकवा मारल्यासारखे वाकडे उगवले, तेव्हा मी आपली पाण्यालाच दोष देत होते.

डार्विननं 1875 साली अशा झाडांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा अंदाज असा की जबड्याच्या दातांमधल्या फटी चिल्लर किड्यांना सुटू देतात. एवढ्याशा घासासाठी जबडा अडकवणं झाडाला परवडत नाही. तुम्ही या सवलतीचा अर्थ आमंत्रण असा लावलात.

बरं, सापडलं कोण? तुमच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा चाटायला येणारी, त्या बदल्यात तुमची राखण करणारी मुंगी. पहारेकरीण वर जबड्यात, मालकिणी खाली निवांत. हे दृश्य मी कुंडीबाहेरही पाहिलंय, पण ते असो.

आता कामाचं. जाणकार सांगतात, झाड कुंडीसकट दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावं. दलदलीतल्या झाडाला बुडण्याचं काय अप्रूप! बादली भरून ठेवली आहे. पाणी आरओचंच आहे, त्यामुळे आज आमच्या घरी वरणभात नळाच्या पाण्याचा. उद्या सकाळी सातला निघायचं आहे. लेकींना आणा, नातींना आणा, ज्या अजून पोटात आहेत त्यांना तर आणालच.

कळावे. लोभ आवरावा.

तुमची यजमानीण