गिलाव्यामागचे नाना

पेठेत कुठेही घणाचा पहिला घाव पडला की राडारोड्याच्या टेम्पोआधी नाना हजर. असे एक नाना पुण्यात गल्लोगल्ली असतात. आमचे ऑडिटमधून निवृत्त. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पांघरुणात वाचल्या, नोकरीभर दुसऱ्यांची व्हाउचरं संशयाने पाहिली. तीच नजर आता भिंतींकडे वळली आहे.

परवा नारायण पेठेतल्या एका जुन्या घरात फडताळ काढताना मागे बुजवलेला कोनाडा लागला, त्यात पत्र्याचा डबा. मालकांना नवा ओटा हवा होता. नानांना प्रकरण मिळालं. "कुणी हात लावू नका! ठसे!" तोवर गवंड्याने डबा पालथा करून त्यावर चहाचा कप ठेवला होता.

मोडीतली एक चिठ्ठी आणि वीस नाणी. "पेशवाई," नाना कुजबुजले. नाण्यांना मधोमध भोक आणि साल 1944. महायुद्धात धातू वाचवायला काढलेला भोकाचा पैसा. नाना डगमगले नाहीत. तपास थेट 12 जुलै 1961 वर, पानशेतच्या पुरावर गेला. पाणी चढताना कुणीतरी ऐवज दडवला असणार!

घरातल्या आजी लसूण सोलत होत्या. "पुरात आम्ही पोरं काखोटीला मारून पर्वतीकडे पळालो. भिंती कोण लिंपत बसतंय? सासूबाई मामंजींच्या चोरून पैसे साठवायच्या."

"आजी, साक्षीदाराने निष्कर्ष काढायचे नसतात."

मोडी वाचणारे गृहस्थ आले. चिठ्ठीत दुधाचा हिशेब निघाला. "सांकेतिक भाषा," नाना म्हणाले. मग 1878 चा निखात निधी कायदा बाहेर आला: दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरांना कळवायचं. वीस पैसे म्हणजे जुने पाच आणे. पण जुन्या बाजारात धरली तर किंमत दहाच्या वर जाते की नाही, यावर नानांनी कागद भरला. मालकांनी हात जोडले. ओट्याचा ग्रॅनाइट जिन्यात उभा होता.

जाता जाता नानांनी मोरीच्या भिंतीवर टिचकी मारली. "पोकळ आहे!"

"नाना, तिथनं लाईन गेलीय," गवंडी म्हणाला.

नानांनी छिन्नी लावलीच. गवंडी वरची टाकी बंद करायला धावला, आजींनी पाट वर घेतला, आणि भिजलेल्या सदऱ्यानिशी नानांनी वहीत नवं पान उघडलं: 'पाइप इथून कुणी नेला, आणि कोणत्या हेतूने?'