खिशात यादी सापडली

पूर्वी वर्ध्यात पोट्टं बिघडलं म्हणजे नेमकं काय झालं, ते कळायचं. खर्ऱ्याची पुडी सापडायची, नाहीतर शिकवणीच्या वेळेतलं सिनेमाचं तिकीट. आता शेजारच्या इंजिनीअरिंगवाल्याच्या खिशात यादी सापडली. आईला वाटलं, उधारीची असेल. निघाले संगीताचे अल्बम! तेही कोणी न ऐकलेले. ऐकलेला चालतच नाही म्हणे.

"मावशी, याले अंडररेटेड म्हनते," त्यानं मला समजावलं. म्हणजे माल अस्सल, पण जगाला पत्ता नाही. जगाला पत्ता लागला की तो अस्सल राहत नाही. चार मित्र रोज संध्याकाळी एकमेकांना असे अल्बम सुचवतात आणि समोरच्यानं "ऐकला" म्हटलं की तोंड पाडतात. लग्नाच्या स्थळांतही एवढी चढाओढ नसते हो!

बरं, गाणी तरी कसली? नेपाम डेथ नावाच्या इंग्रज टोळीचं 'यू सफर' हे 1987 सालचं गाणं 1.316 सेकंदांचं आहे. मी चष्मा लावेपर्यंत संपलं. उलट स्लीप या अमेरिकन बँडचं 'डोपस्मोकर' तासाच्या वर, एकच गाणं! वर्ध्याला गाडीत बसून लावलं तर नागपूरची अजनी येते, तरी गिटार आपली घुमतेच आहे.

मग मुंबईचे डेमोनिक रिझरेक्शन. नावाचा अर्थ कळल्यावर आईनं देवघराचं दार लावून घेतलं. पण त्यांचा 2017चा अल्बम निघाला 'दशावतार', मत्स्यापासून कल्कीपर्यंत! आईनं दार पुन्हा उघडलं. मला मात्र सगळीकडे नरसिंहाचा खांबच फुटताना ऐकू आला, वामनाच्या वेळीसुद्धा.

एक पट्ठ्या म्हणाला, प्रयोग बघायचा तर जॉन केजची 1952ची '4:33' ही रचना. वादक साडेचार मिनिटं बसतो आणि एक सूर वाजवत नाही. सेवाग्रामला उमर गेलेले आमचे आजोबा तेवढ्यावर उखडले. "बापू दर सोमवारी मौन पाळत. त्याची कॅसेट काढली का कोनी?"

खरा बभ्रा झाला तो चरणजित सिंगांवरून. हे हिंदी सिनेमात वाद्यं वाजवणारे गृहस्थ. 1982 साली त्यांनी रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली आणि कोणी विचारली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जाणकारांनी कपाळाला हात लावला. शिकागोच्या पोरांनी मूळ रेकॉर्डनंतर पाचेक वर्षांनी ज्याला 'अ‍ॅसिड हाउस' म्हटलं, तो आवाज मुंबईत आधीच वाजून, विसरूनही झाला होता! आमच्या पोट्ट्याच्या यादीत हा पहिल्या नंबरावर. त्यानं तो गच्चीवर मोठ्यानं लावला, चूक तिथंच झाली.

खालच्या मजल्यावर पेटी शिकवणाऱ्या काकू तरातरा वर आल्या. आता भांडण होणार म्हणून मीही मागोमाग गेले. काकूंनी पदर सावरला, कान दिला.

"हा त भैरव व्हय. पन काऊन रे, याची गाडी सुटून रायली का?"

पोट्ट्याचा चेहरा उतरला. काकूंना कळलेला अल्बम अंडररेटेड कसा राहील? त्यानं पेन काढून तिथल्या तिथं नाव खोडलं. काकू मात्र पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या. यमन येईपर्यंत उठत नाही म्हणाल्या.