भाकर सोडलेला माणूस

भाकर सोडलेला माणूस हा डोंगरकडा परिसरात हल्ली सर्रास आढळणारा सामाजिक प्रकार आहे. वय पंचेचाळीस ते साठ, शर्टाच्या मधल्या दोन गुंड्यांवर ताण आणि वरच्या खिशात चौपदरी घडी घातलेला रक्ताचा रिपोर्ट. गाव कळमनुरी तालुक्यात, नांदेड–हिंगोली रस्त्यावर. आसपास केळीच्या बागा, उसाचे फड, हळद आणि सोयाबीन. म्हणजे केळी आणि ऊस, ज्या दोन पिकांवर घर चालते, ती दोन्ही त्याला वर्ज्य. केळीचा ट्रक भरताना तो मजुरांना ‘एका मोठ्या केळात तीस ग्रॅम कार्ब असतं’ ही माहिती देतो. व्यापाऱ्याशी भाव ठरवताना मात्र या विषयावर तो गप्प असतो.

या प्रकारात बाई क्वचित मोजली जाते. भाकर नुसती सोडून भागत नाही, ती सोडल्याचे जाहीर करावे लागते. जिला रोज सकाळी घरादाराच्या भाकरी थापायच्या असतात, तिला जाहीर करायला फुरसत नसते. शिवाय ती सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्या ताटात भाकर होती की नव्हती, हे पाहायला तोवर कोणी उरलेले नसते.

भाकर का सोडली, याचे उत्तर ऐकणारा पाहून बदलते. फाट्यावरच्या मित्रांना गुडघ्यांचे कारण सांगितले जाते, कारण गुडघेदुखी ही मर्दानी तक्रार समजली जाते. बायकोला ‘डॉक्टरनं सांगितलं’ असे सांगतात. डॉक्टरला सांगतात, ‘मी आपलं स्वतःच बंद केलं.’ सासुरवाडीला पित्त पुरते. पोरांना कारण सांगावे लागत नाही. त्यांनी बापाला लग्नाच्या व्हिडिओत बाजूने पाहिलेले असते आणि तो तुकडा आपसांत दोनदा मागे नेऊन पाहिलेलाही असतो. साडूने 12 किलो उतरवले, हे कारण कोणालाच सांगितले जात नाही. पण बऱ्याच घरांत खरी सुरुवात तिथूनच होते.

या बाबतीत डोंगरकड्याचा माणूस एकटा नाही. पिष्टमय पदार्थ सोडून जगभर गाजलेला पहिला माणूस म्हणजे लंडनचा विल्यम बँटिंग. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा, गिऱ्हाईक राजघराण्यापर्यंतचे. वजन सुमारे 92 किलो, उंची बेताची. बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उलटा उतरावा लागे. तरी 1862 मध्ये तो ज्या डॉक्टरकडे गेला तो कानांचा होता, कारण त्याला ऐकू कमी येऊ लागले होते. डॉ. विल्यम हार्वे यांनी कान तपासले आणि पाव, बटाटे, साखर, दूध, बिअर बंद करायला लावले. वर्षभरात सुमारे 21 किलो वजन उतरले, कानही सुधारले. बँटिंगने 1863 मध्ये पदरच्या पैशाने पुस्तिका छापून ही हकिकत गावभर केली. भाकर सोडलेल्या माणसाचे बाकी सारे गुण त्यात आधीच दिसतात. फरक एवढाच की आता छपाईचा खर्च वाचला आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून बाहेर पडणे वाईट दिसते.

मराठवाड्यात या प्रकाराला बळ मिळाले ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांमुळे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली पद्धत घरोघर पोचवली: कडक भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचे, जेवण 55 मिनिटांत संपवायचे, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. या पद्धतीत भाकरीला बंदी नाही. पण गावात पोचेपर्यंत दीक्षितांच्या दोन वेळा, कुठल्या तरी व्हिडिओतला कीटो आणि साडूची स्वतःची भर यांची एकच भाजी होते. त्यातच पुण्यात नोकरीला असलेली मुलगी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला पाठवते, की भात खा, तूप खा, वेळच्या वेळी थोडे थोडे खा. घरात उभे दोन पक्ष पडतात आणि म्हातारी दोन्ही पक्षांना जेवायला वाढते.

चालण्याचा भाग वाटतो तितका सोपा नाही. डोंगरकड्यात पायी निघालेला माणूस म्हणजे ज्याला गाडी मिळालेली नाही असा माणूस, ही समजूत पक्की आहे. पहाटे मफलर गुंडाळून तो रस्त्याला लागला की दर दोन मिनिटांनी ओळखीची मोटारसायकल थांबते. ‘बसा की काका, कुठं जायचंय?’ कुठेच जायचे नाही, हे उत्तर कोणालाही पटत नाही. दोघांना नाही म्हणता येते. तिसरा जावयाच्या गावचा निघतो, त्याच्या मागे बसावे लागते.

या सगळ्यामागे शास्त्र आहे, आणि ते चेष्टेवारी नेण्यासारखे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून जास्त. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए1सी तपासणीत 5.7 ते 6.4 हा आकडा म्हणजे उंबरठा, 6.5 पासून पुढे घर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखेच, 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हे आपल्याकडचे लक्षण त्या एका फोटोने जगाला दाखवले. काटकुळ्या हातापायांचा आणि वाढत्या पोटाचा शेतकरी ‘मला काय होतंय, मी रानात राबतो’ म्हणतो, तेव्हा हा फोटो त्याच्या खिशात असायला हवा.

गावातला दुसरा पक्का समज ज्वारीचा. ज्वारीत साखर नसते, म्हणून भाकर कितीही चालते, असे फाट्यावरचे शास्त्र सांगते. ज्वारीत तंतुमय भाग बरा असतो हे खरे, पण 100 ग्रॅम पिठात सुमारे 70 ग्रॅम पिष्टमय भाग असतोच. गहू फार लांब नाही. मराठवाड्यातली भाकर ताटाबाहेर डोकावणारी. तशा तीन एका बैठकीला खाणाऱ्याने हिशेब न करणेच त्याच्या मनःशांतीला बरे.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि ही बातमी दुपारपर्यंत वारंगा फाट्याला पोचते. त्यात चरबी थोडी, पाणीच जास्त असते. शरीरात साठवलेला ग्लायकोजेन आपल्या तिप्पट वजनाचे पाणी धरून असतो. तो संपला की पाणीही जाते. सोबत डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात आणि स्वभाव बिघडतो. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम भाकर सोडली, तर साखर इतकी खाली येऊ शकते की रानात चक्कर येऊन पडावे. साडूच्या व्हिडिओत हा भाग नसतो.

भाकरीच्या जागी काय, हा प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. अंडी असतात, पण गळ्यात माळ असेल तर तीही नाहीत. पनीर आठवडी बाजाराच्या दिवशीही मिळेलच असे नाही. मग शेंगदाणे, ताक, काकडी, मुळा, मेथीची जुडी कच्चीच. मुलगा मोबाइलवरून बदामाचे पीठ मागवतो. त्याची थापलेली भाकर तव्यावर फुगत नाही, उलथताना तिचे चार तुकडे होतात आणि माय विचारते, ‘बाबा, हे पैसे देऊन आणलं व्हय?’ पडवीत तेव्हा सोयाबीनची पोती थप्पीला लागलेली असतात. त्यात प्रथिने भरपूर, पण ते आडतीला न्यायचे. प्रथिनांचा डबा नांदेडहून येतो.

एकादशीला हा माणूस खरा पेचात सापडतो. हिंगोली जिल्हा संत नामदेवांच्या नर्सीचा, एकादशी चुकवता येत नाही. आणि उपवासाच्या ताटात साबुदाणा, भगर, बटाटा, रताळे. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. एरवी कार्बाला न शिवणारा माणूस महिन्यातून दोनदा धर्मकार्य म्हणून ती सारी कसर भरून काढतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्याला मधुमेहाचे तज्ज्ञ विरोध करणार नाहीत.

हॉटेलात त्याची ओळख चहावरून पटते. चहा साखर घालूनच उकळलेला असतो, म्हणून फिक्यासाठी वेगळे पातेले चढते. मालक मोठ्याने विचारतो, ‘दाजी, आज बी फिकाच का?’ सगळे बाक वळून बघतात. सप्ताहाच्या पंगतीत प्रसादाची बुंदी नाकारता येत नाही. ती तो रुमालात बांधतो आणि नातवाला देतो, असे त्याचे म्हणणे आहे.

ज्या कारणाचा कुठेच उच्चार होत नाही, ते बहुतेक घरांत सारखे आहे. थोरल्या भावाच्या पायात बाभळीचा काटा मोडतो, दुखत नाही म्हणून राहून जातो. पुढे नांदेडच्या दवाखान्यात अंगठा काढावा लागतो. भेटायला गेलेला धाकटा पांघरुणाबाहेर आलेल्या पायाकडे बघतो, गोळ्यांची चौकशी करतो, केळीचा भाव सांगतो आणि परततो. त्या रात्री तो भाकर घेत नाही. विचारलेच तर पित्त झाले म्हणतो.

प्रकार किती टिकतो, ते ऋतूवर ठरते. पौषात हुरडा येतो, वैशाखात लग्ने आणि आमरस; बरेच जण याच दोन ठिकाणी गळतात. तरलेले तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात, कारण तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्याआधी सरासरीत फरक नीट दिसत नाही. नवा आकडा फाट्यावर वाचून दाखवला जातो. तो 6.3 वरून 5.8 वर आला असेल, तर दुसऱ्या दिवशी आणखी चौघे भाकर सोडतात. त्यातल्या दोघांनी साखर कधी तपासलेलीच नसते, आणि हॉटेलवाला फिक्या चहाचे पातेले मोठे आणतो.