उतारवय

आमच्या मामांकडे लग्नपत्रिका आली की ते मुहूर्त बघत नाहीत, जेवण कितीला आहे तेही बघत नाहीत. पत्रिका आणणाऱ्याला पाणी विचारण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो : "मांडवापुढं उतार हाय का?" असेल तर मामा ट्रक घेऊन, हौद्यात निम्मी भावकी भरून, अक्षतांच्या आधी हजर. नसेल तर आहेराचं पाकीट कुणाच्या तरी हाती रवाना. थोरल्या लेकीला सांगून आलेलं एक स्थळ त्यांनी असंच परत पाठवलं. मुलगा शिकलेला, घरचं बागायत, माणसं देवासारखी. "पर गाव तव्यावानी सपाट," मामा म्हणाले. "सणावाराला लेकीकडं गेलो, तर परत यायचं कसं?"

मामांची गाडी बारा-दहा. बारा टन आणि शंभर घोडे, असा त्या आकड्यांचा ढोबळ अर्थ. त्यातले टन अजून शाबूत आहेत. घोड्यांपैकी काही वारले, काही आजारी आहेत, आणि उरलेत ते फक्त उतारावर धावतात. रात्री गाडी मारुतीच्या देवळापाशी चढावर लावायची, चाकाखाली धोंडा द्यायचा. सकाळी क्लीनरनं धोंडा काढायचा, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडायचा. गाडी एक आचका देते, देवळातली घंटा थरथरते, आणि सगळ्या आळीला कळतं की सहा वाजले. सेल्फ मारून ही गाडी शेवटची कधी सुरू झाली, यावर गावात दोन मतं आहेत. दोन्ही मतांचे लोक आता म्हातारे झालेत.

"मामा, एकदा इंजिनाचं काय ते बघा की," मी म्हणतो.

"काय झालंय तिला? चालू हाय की!"

मराठीत 'चालू'इतका सोशिक शब्द दुसरा नसेल. 'काम चालू, रस्ता बंद' या पाटीवर तर चालू आणि बंद गुण्यागोविंदानं शेजारी नांदतात. मामांची गाडी त्याच अर्थानं चालू आहे. मामा दुसऱ्या अर्थानं.

आता ही गाडी सेल्फला दाद का देत नाही, ते मिस्त्रीनं मला एकदा बिडी पेटवताना समजावलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकायला प्लग असतो. डिझेलच्या इंजिनाचे असे लाड नाहीत. तिथं पिस्टननं हवा सोळा-सतरा पट दाबायची, दाबून तापवायची, त्या तापल्या हवेवर डिझेलचा फवारा मारायचा, की भडका. रिंगा झिजल्या, लायनरला ओरखडे पडले, की दाबलेली हवा पिस्टनच्या कडेनं खाली निसटते. दाब नाही म्हणून ताप नाही, आणि ताप नाही म्हणून काम नाही. याला गॅरेजात 'कॉम्प्रेशन गेलं' म्हणतात. कचेरीत 'साहेब दौऱ्यावर आहेत' म्हणतात. थंडीच्या दिवसात उतारही पुरत नाही. मग क्लीनर डिझेलात बुडवलेला बोळा पेटवून हवेच्या नळीपाशी धरतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गाडीला अग्नी देताहेत.

गाडी किती किलोमीटर चालली, हे विचारायची सोय नाही. मीटरला आकडे पाच. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुन्हा सगळी शून्यं. अशी शून्यं मामांच्या म्हणण्यानुसार तीनदा आली, मिस्त्रीच्या म्हणण्यानुसार नऊदा. पुढे मीटरची केबल तुटली आणि आकडा 41207 वर थांबला, तो आजतागायत. आमच्या अख्ख्या पिढीची जन्मतारीख गुरुजींनी एक जून लावून टाकली, तशी ही गाडी कायमची एक्केचाळीस हजारांची आहे. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मामा बोट दाखवतात. खोटं बोलत नाहीत.

घराणं मात्र खरंच मोठं. टेल्कोनं 1954 साली डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक बांधायला घेतले. ते सहकार्य 1969 साली संपलं, ट्रकच्या नाकावरची चांदणी गेली, पण इंजिनाचं रक्त राहिलं. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणून इंजिनाचं नाव 697. मामा हा इतिहास चार शब्दांत सांगतात : "आमच्याकडं पैल्यापासून मर्सिडीज हाय." गाडीत मुळात खोट नव्हती, हे कुणीही मान्य करील. उसाच्या हंगामात बारा टनांच्या जागी किती भरायचं, हा हिशोब आमचा. ऑईल बदलायचं ते दिवाळीला, हा रिवाजही आमचाच.

आमचा मिस्त्री तपासणी करतो ती बघण्यासारखी. आधी ऑईलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवतो. इंजिन चालू असताना झाकण जागेवर बसलं तर तब्येत बरी. मामांच्या गाडीत ते लाहीसारखं उडतं आणि मागोमाग धुराची वाफ येते. मग एक लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. आसपासची माणसं कुजबुजायची थांबतात. शेवटी सोळा-सतराचा पाना येतो. पंपापासून नोझलकडे सहा नळ्या जातात. एकेकीचं नट सैल करायचं. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर गळतं, सिलिंडर काम थांबवतो, आणि इंजिनाचा आवाज अडखळतो. अडखळला तर गडी कामाचा होता. पहिलं नट सैल केलं, आवाज अडखळला. दुसऱ्याला अडखळला. तिसऱ्याला काही नाही. चौथ्याला, पाचव्याला अडखळला. सहाव्याला पुन्हा काही नाही.

"तीन आन् सा बसून हायत," मिस्त्री म्हणाला. "ऱ्हायलेले चौघं वडत्यात."

तेव्हापासून माझी एक वाईट खोड झालीय. कुठल्याही कचेरीत गेलो की मी मनातल्या मनात नटं सैल करत सुटतो. या टेबलाचं सैल केलं, तर आवाज बदलेल का? त्या केबिनचं केलं तर? एका ठिकाणी साध्या दाखल्यासाठी चार तास बसलो होतो, तेव्हा सगळी कचेरी तपासून झाली. पंखे तसेच फिरत राहिले, कॅरम तसाच चालू राहिला. एक शिपाई तेवढा चहा सांगायला बाहेर गेला आणि काम ठप्प झालं. बाकीचे तीन आणि सहा.

बरं, बसलेल्या सिलिंडरनं नुसतं बसावं, तर तसंही नाही. त्याच्या वाट्याचं डिझेल त्याला वेळेवर पोचतंच. ते जळत नाही. लायनरवरचं ऑईल धुऊन काढतं, खाली चेंबरमध्ये उतरतं आणि चौघा कामकऱ्यांचं ऑईलही पातळ करून ठेवतं. हे मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा आमच्या शेजारचे निवृत्त हेडक्लार्क उगाचच उठून गेले.

यावरचा इलाज म्हणजे इंजिन करणं. त्याचे प्रकार दोन. फुल इंजिन म्हणजे सगळं खोलून ब्लॉक लेथवर न्यायचा, लायनर-पिस्टन, क्रँक, सगळंच. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवा, रिंगा टाका, कनरॉडची बेअरिंगं बदला, व्हॉल्व घासा, पॅकिंग लावा आणि उरलेल्याचं नाव काढू नका. मामांनी आजवर सात वेळा हाफ इंजिन केलं. त्याच पैशात साडेतीन नाही तरी दोन फुल नक्की झाली असती, हे मी कागदावर मांडून दाखवलं. मामा म्हणाले, "फुलचे पैशे एकदम लागत्यात लेका. हाफचे कवातरी लागत्यात." गेल्या हंगामात हाफचेही नव्हते, तेव्हा मिस्त्रीनं पाव इंजिन करून दिलं : दोनच सिलिंडरच्या रिंगा. नव्या रिंगांचे दोन आता जुन्या चौघांना हिणवतात, म्हणून गाडी नव्या तऱ्हेनं हलते.

क्रँकचं प्रकरण नाजूक आहे. क्रँक झिजला की लेथवाला तो घासून पुन्हा गोल करतो, आणि क्रँक जितका बारीक झाला तितकं जाड बेअरिंग घालतो. साइज ठरलेले : दहा, वीस, तीस, चाळीस. हे इंचाचे हजारावे भाग. मूळ दांडा दरवेळी बारीक होत जातो आणि त्याला धरून बसलेले जाड होत जातात. सहकारात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मामांचा क्रँक चाळीसवर आहे. त्यापुढचं बेअरिंग बाजारात मिळत नाही. मिस्त्रीनं हे सांगितलं तेव्हा मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, थोडा वेळ गप्प बसले, आणि मग विचारलं, "जाड ऑईल घातलं तर?"

जाड ऑईल घातलं. खडखड थोडी कमी झाली. पण ऑईल प्रेशरचा काटा तळाशी बसलेला, आणि तो बघून नव्या ड्रायव्हरला रात्री झोप येईना. तो पगार वाढवून मागू लागला. तेव्हा मिस्त्रीनं रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखाली एक वॉशर टाकला. जास्तीचं प्रेशर सोडून देणारी ही झडप आता कमी सोडू लागली आणि काटा वर चढला. झिजलेलं झिजलेलंच राहिलं. काट्यानं काटा काढतात हे ऐकलं होतं. वॉशरनं काटा चढवतात हे मी त्या दिवशी पाहिलं. ड्रायव्हर खूश झाला. मामांनी मिस्त्रीला पन्नास रुपये जास्त दिले. अर्थसंकल्पानंतरची चर्चा टीव्हीवर लागली की हल्ली मी कोण कुठे वॉशर टाकतोय तेवढंच बघतो.

ओढ गेली की पंप वाढवायचा. डिझेल जास्त जातं, काळा धूर येतो आणि घाटात गाडी चार पावलं बरी चढते. खंबाटकीत लोड घेऊन चढताना क्लीनर लाकडी ठोकळा हातात धरून मागच्या चाकाबरोबर चालतो. मध्येच पुढे जाऊन झऱ्याचं पाणी आणतो, रेडिएटरला पाजतो, आणि तरी गाडीच्या आधी वर पोचतो. रेडिएटर गळायला लागला तेव्हा त्यात हळद टाकली होती, डिझेलची टाकी पाझरली तेव्हा तिला साबण चोळला होता. हळद लागली, आंघोळ झाली; गाडीचं एवढं कौतुक मामींच्या वाट्यालाही लग्नात एकदाच आलं.

धुराची तपासणी असते तेव्हा उलटा खेळ. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पॅडल तळापर्यंत दाबायचं आणि मागे यंत्रानं धुराची दाटी मोजायची. जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा 65. आदल्या संध्याकाळी मिस्त्री पंप इतका उतरवतो की गाडीची एकादशीच होते. यंत्रासमोर ती इतकी मवाळ उभी राहते की कीव यावी. कागद हाती पडला की परतीच्या पहिल्या टपरीवर पारणं. जुन्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. मामा तो न कुरकुरता भरतात. "कर भरला म्हंजे धूर आपला," ते म्हणतात.

2021 साली गाड्या भंगारात काढायचं धोरण आलं. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द व्हायला लागली. मी बातमी वाचून दाखवली. मामा म्हणाले, "सरकारला परवडतंय. सरकारला उतार लागत न्हाई." नवी गाडी घेण्याचा विषयही एकदा निघाला होता. एजंट घरी आला, चहा झाला, आणि त्यानं सांगितलं की एप्रिल 2020 पासूनच्या मोठ्या गाड्यांना धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं, साडेबत्तीस टक्क्यांचं. मामांनी बशी खाली ठेवली. "उसाला टाकायला युरिया मिळंना, आन् तुमची गाडी पिणार?" त्यात बिघाड शोधायला लॅपटॉप लावावा लागतो हे कळल्यावर मिस्त्रीही उठला.

यंदा मात्र संकट भलतीकडून आलं. ग्रामपंचायतीनं देवळापुढचा चढ कापून सपाट करायचा आणि पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरवलं. मामा आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत बोलायला उभे राहिले. पूर्वजांनी देव उंचावर का बसवला, पावसाचं पाणी कसं वाहतं, माहेरवाशिणी कोणत्या वाटेनं येतात, यावर ते वीस मिनिटं बोलले. गाडीचा उल्लेख एकदाही नाही. माणसं गहिवरली. चढ वाचला. ब्लॉक चढासकट बसले. आता मामांना सदस्यपदासाठी उभं राहायचा आग्रह होतोय.

गेल्या आठवड्यात मामींनीच परस्पर निरोप धाडून तालुक्याच्या गावाहून भंगारवाल्याला बोलावलं. तो सकाळी सकाळी आपला ट्रक घेऊन आला, गाडीभोवती दोनदा फिरला, टायरला लाथ मारली आणि किलोचा भाव सांगितला.

"किलोनं?" मामांचा आवाज चढला. "चालू गाडी हाय ही. चालू गाडीचा भाव बोल."

"मग चालू करून दाखवा की."

मामा केबिनमध्ये चढले. क्लीनरनं धोंड्याला हात घातला आणि तसाच थांबला. भंगारवाल्याचा ट्रक बरोबर पुढ्यात, उतारावर उभा होता. मागच्या चाकापुढे भलामोठा दगड.

"तुझी जरा बाजूला घे," मामा वरून म्हणाले.

भंगारवाला आपल्या गाडीकडे बघत राहिला. मग त्यानं बाह्या सरसावल्या आणि पारावर बसलेल्या पोरांना हाक मारली, "ए, या रे दोघं-चौघं. धोंडा काढला तरी ती आपसूक न्हाई हलायची."