यंत्राला डिस्टिल्ड, पाहुण्यांना टँकरचं!

ऐकलंत का? बी विंगच्या चौथ्या मजल्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन आला म्हणे. इन्व्हर्टरसाठी असेल, असं वाटलं ना? छे! तो आलाय स्टीम क्लीनरसाठी. सुनेच्या माहेरची माणसं आली की त्यांच्यापुढे टँकरचंच पाणी, आणि त्या हजार वॅटच्या डबड्याला मात्र बॅटरीच्या दुकानातून खास मागवलेलं. शिव शिव!

पुण्याच्या वेशीवरच्या आमच्यासारख्या टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत हे वाफेचं वेड शिरलं ते दिवाळीच्या आवराआवरीत. आधी ओट्यामागच्या टाइल्सची चिकटी गेली, मग एक्झॉस्टची जाळी उजळली, मग बाथरूमच्या फटी. नाताळ येईतो एकेक यंत्र खोकायला लागलं. वाफ कमी, पिचकारी जास्त. तेव्हापासून ज्यांनी जन्मात कधी फडकं पिळलं नाही ते गृहस्थ डायनिंग टेबलावर पेपर अंथरून स्क्रूड्रायव्हर परजत बसलेत. जेवायला कुठे बसायचं, हे विचारायची सोय नाही.

दुखणं कसलं, तर पाण्याचं. जड पाणी तापलं की त्यातले क्षार टाकीच्या तळाला बसतात. वाफ निघून जाते, चुना घरीच राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. ३०० धरा. असं १० लिटर पाणी वाफवलं की ३ ग्रॅमच्या आसपास चुना आत! हाताएवढ्या यंत्राच्या नोझलचं भोक टाचणीएवढं. एक खपली आडवी आली की संपलं.

आणि आमची काटकसर बघा. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं, हा आपला पुण्यसंचय. त्यानं फरशी पुसा, कुंड्यांना थोडंफार घाला, कोण नको म्हणतंय? पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ते या यंत्रात ओतलं! आरओनं गाळून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात हो. महिन्याभरात यंत्रानं मान टाकली.

मग उपचार सुरू. एकानं संडास धुवायचं ॲसिड ओतलं. टाकी ॲल्युमिनियमची, आतून फसफस ऐकू आली तेव्हा हे खुशीत, ‘बघा, चुना सुटतोय!’ चुना सुटत होताच, सोबत टाकीही विरघळत होती. खरं औषध वाण्याकडे सुट्टं मिळतं, लिंबूसत्त्व. लिटरभर कोमट पाण्यात दोनेक चमचे, टाकीत भरून थोडा वेळ ठेवायचं. बटण बंद, प्लग बाहेर. मग हलवून ओतायचं आणि साध्या पाण्यानं दोनतीनदा विसळायचं. सिंकमध्ये पांढऱ्या खपल्या खळखळ पडतात. त्या बघायला आमच्या मजल्यावर चार बायका जमल्या होत्या, आता बोला! तरी पुस्तिका आधी वाचावी. काही कंपन्या अर्धं नळाचं, अर्धं डिस्टिल्ड घाला म्हणतात. पण पुस्तिका खोक्यासकट रद्दीत गेलेली असते, हे काय मी सांगायला हवं?

झाकणातून वाफ गळते, ही दुसरी तक्रार. आतली रबरी रिंग कडक झालेली असते. तिच्या मापाची, उष्णता सोसणारी सिलिकॉनची रिंग घेतली की काम भागतं. पण सी विंगच्या काकांनी कुकरची जुनी रिंग कापून बसवली. बरोबर एक मिनिट टिकली.

आता जरा कान इकडे करा, कारण इथून पुढचं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. एकाच्या यंत्राचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला. ‘वाफ फुकट जातेय’ म्हणून त्यानं व्हॉल्व्हवर एमसील थापलं! अहो, घरातला कुकर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाबावर शिजवतो, ही यंत्रं तीन-चार बारपर्यंत जातात. तेवढ्या दाबाला पाणी १४० अंशांच्या वर असतं. आणखी एका इंजिनिअरानं (हो, इंजिनिअरानंच!) जळालेल्या थर्मल फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून दिली, वर पाठ थोपटून घेतली. व्हॉल्व्ह आणि फ्यूज हे दोन भाग घरी दुरुस्त करायचे नसतात, बदलून घ्यायचे असतात. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही. चहा प्या, पेपर वाचा, थंड होऊ द्या. टाकी मात्र वापर संपला की रिकामी करा. आमच्याकडे ती पुढच्या सणापर्यंत तशीच भरलेली राहते.

हे सगळं ऐकून सोसायटीच्या सभेत सगळ्या इमारतीला सॉफ्टनर बसवायचा विषय निघाला. कोटेशनचा आकडा ऐकून तो त्याच सभेत मिटला. मग ए विंगच्या आजोबांनी टीडीएस मीटर मागवला. तो नुसता क्षारांचा एकूण अंदाज देतो, चुना वेगळा मोजत नाही. पण हे आजोबांना सांगणार कोण? मीटर घेऊन ते दारोदार फिरतात आणि दिसेल त्या पातेल्यात बुडवतात. काल आमच्याकडे आले, तर नळ सोडून थेट माझ्या चहात. आकडा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या, माझ्याकडे एकदा संशयानं पाहिलं आणि वहीत नोंद केली.