प्रशिक्षणाचा खर्च वाचवणाऱ्यांचा सत्कार व्हावा

रत्नागिरीत सत्कारांना तोटा नाही. गुणवंत विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, आंबा बागायतदार, सगळ्यांच्या वाट्याला कधी ना कधी शाल-श्रीफळ येते. एका वर्गाकडे मात्र आपले सर्वांचे दुर्लक्ष झाले आहे. कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने प्रशिक्षणाचा व प्रमाणपत्र परीक्षेचा खर्च मागितला असता जे मालक, संचालक आणि व्यवस्थापक जराही डगमगत नाहीत, त्यांची सुज्ञ नागरिकांनी दखल घ्यायला हवी.

तो अर्ज बहुधा एका पानाचा असतो. विषय : प्रशिक्षण शुल्क मिळण्याबाबत. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंग परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. कर वेगळा, क्लासची फी वेगळी. शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही विनंती’. आणि विचार होतोच. साहेब अर्ज पुरता वाचतात, चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “बघू. मार्च जाऊ दे.” मार्च गेला की आंबा सुरू होतो, आंबा संपतो तो पाऊस लागतो, मग गणपती, मग दिवाळीचा बोनस. कोकणातले वर्ष इतके भरगच्च असताना प्रशिक्षण बसवायचे कुठे? ‘नाही’ हा शब्द एकदाही न उच्चारता अर्ज वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे, ही सभ्यता सगळ्यांना साधत नाही.

काही हिशेबी माणसे म्हणतात की हे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, तेव्हा परीक्षेचा खर्च महिन्याला सात-आठशे रुपये पडतो. कार्यालयाच्या चहाचे बिल त्याहून मोठे असते. त्यांच्या हे लक्षात येत नाही की चहा सर्वांना मिळतो आणि ज्ञान एकट्यालाच मिळाले असते. समतेचा एवढा बारीक विचार करणारी व्यवस्थापने आपल्या जिल्ह्यात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण त्यांचे सर्वात मोठे कार्य लोकसंख्येच्या बाबतीत आहे. “शिकवला की मुंबईला पळतो,” हे वाक्य मिरजोळ्याच्या एमआयडीसीपासून बाजारपेठेतल्या पतसंस्थेपर्यंत कुठेही ऐकू येईल. कोकणाने आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला दिली. आधी बोटीने, मग एसटीने, आणि पुढे कोकण रेल्वेने ती जाऊ लागली. इथल्या शासकीय तंत्रनिकेतनातून आणि १९९६ साली सुरू झालेल्या फिनोलेक्स अकॅडमीतून दरवर्षी शिकलेली मुले बाहेर पडतात आणि तुतारी नाहीतर मांडवी एक्स्प्रेस पकडतात. ही गळती थांबवणे कोणत्याही सरकारला जमले नाही. आमच्या मालकांनी मात्र एक पैसा खर्च न करता उपाय काढला : माणूस दुसऱ्या कोणाला नकोसा वाटेल, इतपतच त्याला शिकू द्यायचे.

कायद्यात दुसरी वाट आहे, हेही नमूद केले पाहिजे. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी वैध ठरवली. म्हणजे शिकवा, वाजवी मुदतीचा करार लिहून घ्या आणि निर्धास्त राहा, असे कोणी म्हणेल. पण शिकवण्यासाठी करार करायचा तर आधी शिकवावे लागते. या मार्गातली ही मोठीच अडचण आहे.

कोणी सुरक्षेचे भय घालतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची एटीएम यंत्रणा भेदून चोरट्यांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि वर स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगला रक्कम वळवली. एकूण ९४ कोटी ४२ लाख. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत तिची खबर द्यावी लागते. ज्याला सर्व्हरचा लॉग वाचायला कोणी शिकवलेच नाही, त्याला घटना कळण्याचा प्रश्न येत नाही, आणि मग ते सहा तासही सुरू होत नाहीत. नियमाचे इतके निर्दोष पालन मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

शिवाय सुरक्षेची सोय इथे असतेच. जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर, शेजारी गरम झालेला यूपीएस, राऊटरवर चिकटपट्टीने लावलेला पासवर्ड आणि वर गणपतीची तसबीर. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू लागते, पेढा ठेवला जातो. ज्या संस्था यंत्राची पूजा इतक्या मनोभावे करतात, त्यांना यंत्र सांभाळणाऱ्याचेही काही करावे असे सुचवणे म्हणजे अतिरेक होईल.

सरकारचा उधळेपणा पाहा. केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने प्रत्येक खात्याला पगाराच्या तरतुदीतले किमान अडीच टक्के प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवायला सांगितले. आमची व्यवस्थापने अशा आकड्यांच्या मोहात पडत नाहीत.

आणि स्वावलंबनाचे काय? जिचा अर्ज असा रखडला ती मुलगी घरी जेवणे उरकल्यावर रात्री अकराला मोबाइलवर फुकटचे व्हिडिओ पाहते, परीक्षेपुरते पैसे आईच्या बांगडीवर उचलते आणि रजा टाकून परीक्षेला जाते. ती उत्तीर्ण झाली की साहेब स्वतः पेढे मागवतात. पुढच्याच आठवड्यात तिच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स निविदेला जोडली जाते : ‘आमच्याकडील प्रमाणित तज्ज्ञ’. संस्थेची प्रतिष्ठा वाढते, खर्च शून्य. तिचा पगार जिथल्या तिथे राहतो, जेणेकरून यश तिच्या डोक्यात जाऊ नये. पुढे तिने राजीनामा दिला की साहेब खऱ्या दुःखाने म्हणतात, “बघा, म्हणूनच आम्ही शिकवत नाही.”

सत्काराचा मुहूर्त ठरेपर्यंत अशा मुलामुलींना एक विनंती. तोंडी मागू नका, अर्ज लेखी द्या. परीक्षेचे नाव, शुल्क, तारीख आणि या शिक्षणाने कार्यालयातले कोणते काम सुधारेल ते लिहा. पावती संस्थेच्या नावाने घेऊ असे सांगा, म्हणजे तो खर्च धंद्याच्या हिशेबात धरता येईल. उत्तीर्ण झाल्यावर वाजवी काळ थांबायची तयारी असेल तर तेही लिहून द्या, आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. साहेब, तुम्हालाही विनंती : तो कागद या वेळी मार्चवर ढकलू नका. त्यावर ‘मंजूर’ लिहा आणि सही करा.